लिंपायच्या आधी समुद्र

बोकड भिंत चाटतोय.

मोलगीहून आलेल्या जीपच्या टपावर ढोल. ढोलाला टेकून नवरदेवाचा मामा झोपलेला.

खालचा थर जुना, वरचा नवा: भूशास्त्राच्या पहिल्या वर्षातला पहिला धडा.

नऊ कोटी वर्षं.

पांढरी माती सकाळपासून भिजत पडली आहे आणि कालीबाईने पदर खोचला आहे.

आता जोडून सांगायचं तर, धडगाव तालुक्यातलं, नर्मदेच्या वरच्या अंगाला वसलेलं गाव. कालीबाईच्या मुलाचं, गोवालचं, उद्या लग्न. त्याआधी, खरवडून उघडी केलेली घराची पुढची भिंत पुन्हा लिंपायची. तिच्यावर नवरा-नवरीच्या हळदीच्या हातांचे ठसे उठणार, आणि ते आपोआप पुसले जाईपर्यंत या घरात कोणी भिंत खरवडत नाही. त्यात वर्षं जातात.

गोवालची बहीण ममता भूशास्त्रात एम. एस्सी. करतेय. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला ही भिंत हवी आहे, आणि आजच हवी आहे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा तिच्या वडिलांनी, जालमसिंगने, नदीकाठचा एक कडा फोडून हे दगड वर आणले होते. कडा आता पाण्यात आहे. त्याचे थर पाहायचे तर उरली ही भिंत.

“समुद्र? इथं?” जालमसिंग म्हणाला. “कशाला आला होता, मोलगीच्या बाजाराला?”

“खरंच आला होता, बा. नऊ कोटी वर्षांपूर्वी. पश्चिमेकडून, याच खोऱ्यातून. हे बघ शिंपले.”

“आणि गेला कधी?” चुलीपाशी बसलेल्या सिंधुबाईने विचारलं. ती ममताची आत्या.

“तेच बघतेय.”

“लवकर बघ,” कालीबाई म्हणाली. “माती घट्ट होतेय. मी त्या टोकापासून लागते. माझा हात तुझ्यापर्यंत आला की तुझा समुद्र संपला.”

ममताने भिंत वरून खाली कागदावर उतरवली:

नदीची वाळू, गोटे असलेली
किनाऱ्याची वाळू, लाटांच्या रेघा असलेली
शिंपले, उथळ समुद्र
चुनखडी, जरा खोल पाणी

आणि पेन थांबलं. सगळ्यात खाली खोल पाणी, सगळ्यात वर नदी. खालचं आधीचं. म्हणजे समुद्र इथे होता आणि मग मागे हटला. पण या खोऱ्यातल्या कड्यांबद्दल तिने जे वाचलं होतं ते नेमकं याच्या विरुद्ध होतं. तिथे आधी नदी, मग किनारा, मग चढत आलेला समुद्र.

“बा, दगड आणताना सरमिसळ केलीस?”

“सरमिसळ कशाला करू? एका थराचे दगड एका जाडीचे. मिसळले की रांग वाकडी होते. एक थर काढायचा, वर आणायचा, लावून टाकायचा. मग पुढचा.”

“नक्की?”

“आता काय शपथ घेऊ? तुझ्या समुद्राची?”

गोवाल हळदीच्या अंगाने मधून गेला. “उद्या लग्न माझं आहे की समुद्राचं?”

लिंपण अर्ध्या भिंतीपर्यंत आलं होतं. कालीबाईचा हात काही थांबत नव्हता. भिंत खोटी म्हणून सोडून द्यायची, तर कडा कायमचा गेला. ‘समुद्र हटला’ असं लिहून टाकायचं, तर कुणी विचारलं की उत्तर नाही. ममता उकिडवी बसली आणि उगाच आत्याकडे पाहत राहिली.

सिंधुबाई एका टोपल्यातल्या भाकरी दुसऱ्या टोपल्यात घालत होती. एकेक उचलायची, ठेवायची.

“हे काय करतेस, आत्या?”

“सकाळच्या खाली दबल्यात. पालटून ठेवते. त्या वर आल्या की पाहुण्यांना आधी वाढता येतात.”

वरची गरम भाकर पहिली निघाली, ती रिकाम्या टोपल्याच्या तळाला गेली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी.

ममता मोठ्याने हसली. मामा टपावर जागा झाला.

तिने कागद फिरवला आणि पुन्हा लिहिलं:

चुनखडी
शिंपले
लाटांची वाळू
नदीची वाळू

कडा असा होता. वरचा थर आधी फुटला म्हणून भिंतीच्या तळाला बसला. पाण्याने रचलेल्या थरांचा धडा तिने माणसाने रचलेल्या भिंतीला लावला होता.

“बा, समुद्र उलटा लावलास की रे!”

“मग? पडला का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

टेप, फोटो, पुन्हा टेप. वाळूत लाटांच्या रेघा किती बारीक, शिंपल्यांची रांग किती जाड. शेवटचा आकडा लिहिला तेव्हा कालीबाईचा कोपर तिच्या खांद्याला लागला.

“झालं?”

“झालं, आय.”

“आला का गेला?”

“आला. हळूहळू चढत आला.”

“येऊ दे. पाहुणे जेवतील तसा तोही जेवेल. हात धुऊ नको, माती घे.”

ममताने कागद घडी घालून झोळीत ठेवला आणि पाटीत हात घातला. शिंपल्यांची रांग तिने स्वतः लिंपली. ओल्या मातीखाली बोटांना त्यांच्या कडा लागत होत्या, मग लागेनाशा झाल्या. सिंधुबाईने गाणं धरलं. कालीबाईने ममताचं लिंपण पाहिलं आणि एका ठिकाणी हात फिरवून सारखं केलं.

जालमसिंगने कड्याच्या माथ्यावरून काढलेला सगळ्यात पहिला दगड या भिंतीत नाही. त्यावर कालीबाई कपडे धुते.