जुन्या कोडचा कोप

सर्व्हरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. शिकलेसवरलेले इंजिनिअर काचेला नाक लावून उभे, आणि आत महाराज! जटाबिटा काही नाहीत हो. इस्त्रीचा शर्ट, खिशात फोन. रुग्णालयांत औषधाचा डोस ठरवणारं सॉफ्टवेअर त्यांनी पूर्वी लिहिलं होतं. नोकरी सोडली, पण त्यांच्या फाइलला दुसऱ्यानं हात लावला की सगळं ठप्प.

"कोडलाही मन असतं, बाळांनो," मशीनवर तळवा ठेवून महाराज उसासले. "परका स्पर्श त्याला सोसत नाही."

स्क्रीन उजळला. टाळ्या! मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी.

महाराजांनी मग बदललेली ओळ पुसून जुनीच घातली. याला म्हणायचं शुद्धी. आणि त्या जुन्या ओळीमुळे तान्ह्या बाळांना दुप्पट औषध छापून येत होतं. एका नर्सनं वेळेत पाहिलं म्हणून एक पोर वाचलं. दुरुस्ती झाली की कोप, कोप झाला की शुद्धी, शुद्धी झाली की पुन्हा दुप्पट औषध. किळस यावी असा प्रकार. पण इथे भक्तिभाव!

नवीन आलेल्या इंजिनिअरबाईंना सगळे 'चौकशीबाई' म्हणत.

"ही फाइल कुणी वाचलीय का?"

"ती वाचायची नसते," मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाले.

"मग काय, तिच्या पाया पडायचं?"

बाईंनी सॉफ्टवेअरची नक्कल वेगळ्या मशीनवर काढली आणि एक कोरी ओळ खोडली. नुसती कोरी! नक्कल ठप्प.

"रिकाम्या ओळीत कसलं आलंय मन?" म्हणत त्यांनी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली, आणि महाराजांना निरोप धाडला.

महाराज आले. बाईंनी बंद ठेवलेलं नकलेचं मशीन पुढे केलं. "फोन तेवढा बाहेर ठेवा."

"फोनविना एकाग्रता होत नाही," महाराज चाचरले.

"असं कसं? तुमच्या हातात सिद्धी आहे!" मॅनेजरांनी भक्तिभावानं फोन स्वतःच काढून घेतला आणि व्यत्यय नको म्हणून बंदही केला.

बाईंनी मशीन सुरू केलं, महाराजांनी तळवा ठेवला. मग दोन्ही. मग कपाळ. मशीन ढिम्म. घामाघूम होऊन ते पाणी प्यायला बाहेर गेले, तेव्हा बाईंनी तो फोन सुरू केला. ऑफिसचं वायफाय त्याला लागलं मात्र, मशीनचा स्क्रीन झळकला!

"फाइल बदलली की बंद पड, माझा फोन जवळ आला की ऊठ. एवढंच लिहिलंय यात. हे घ्या तुमच्या कोडचं मन," म्हणत बाईंनी फोन मॅनेजरांपुढे धरला.

हे ऐकून महाराज बाहेरच्या बाहेर, चपला न घालताच पसार झाले. मॅनेजर मात्र विचारात. "मी काय म्हणतो, दर वेळी नुसता फोनच मागवला तर?"

"आणि दुप्पट औषध कुणाला पाजू? तुमच्या नातीला?"

बाईंनी कोपाच्या त्या ओळी उडवल्या, डोस दुरुस्त केला, दहा बाळांची वजनं घालून तपासला, मगच सॉफ्टवेअर रुग्णालयांना धाडलं.

कोड माणसानं लिहिलेला असतो, राजेहो. माणसाला तो वाचता येतो. कळत नसेल तर नक्कल काढा, एकेक ओळ बदलून पाहा, काय होतं ते तपासा. आणि जिथे कुणी 'वाचू नका' म्हणेल, तिथूनच वाचायला लागा.