भंगारातल्या लूमला फुटलेले कोंब

नवागामच्या आमच्या गल्लीत मंगळवारी लोटू भगताच्या दाराशी चपला काढायला जागा उरत नसे. आजार घेऊन येणाऱ्याला तो एक पान देई. जाड, गुबगुबीत, कडा दातेरी. ते आजाऱ्याच्या उशाशी दोऱ्याने टांगायचं. माती नाही, पाणी नाही. दोन मंगळवारांच्या आत कोंब फुटले, की आजार देवाने स्वतःकडे घेतला.

"मग गोळ्या बंद! देवाच्या कामात डॉक्टरला भागीदार करता का रे?" भगत विचारी. गर्दी हसून माना डोलवी.

माझी आई शोभाबाई त्याच गर्दीत होती. मी आता दूर, भेस्तानला राहते. रोज फोनवर विचारायचे, "इन्सुलिन घेतलंस?"

"हो, बेटी."

ती गेल्यावर फ्रीजमध्ये न उघडलेल्या कुप्या सापडल्या. शेजारची कविता खाली बघत म्हणाली, "मावशी म्हने, पान फुटनं, आते सुई कसाले?"

पान खाटेवर अजून लटकत होतं. त्याला चार इवली रोपं आली होती, मुळांसकट.

मी ते लगेच ओळखलं. पानफुटी. माझ्या गॅलरीत दह्याच्या डब्यांत अशी तीसेक रोपं आहेत, सगळी पानांपासून वाढवलेली. शेजारीपाजारी वाटली, शाळेत नेली. आईला एकदाही दाखवली नाहीत. तिला त्यात काय कळणार, असं वाटलं होतं.

पुढच्याच मंगळवारी कविताने नवऱ्यासाठी, बळीरामसाठी, पान आणलं. त्याचे टीबीचे उपचार अर्ध्यावर होते.

"फुटलं की गोळ्या बंद करायच्या, ताई."

मी वाद घातला नाही. गॅलरीतली दोन पानं आणली. एक आईच्या फोटोला बांधलं, दुसरं बंद कापड कारखान्याबाहेर भंगारात काढलेल्या लूमला, जुन्या यंत्रमागाला.

बळीराम खोकत हसला. "लूमले कोनता ताप चढना, ताई?"

दुसऱ्या मंगळवारी बळीरामच्या आणि माझ्या, तिन्ही पानांना कोंब होते. माझी दोन्ही घेऊन मी रांगेच्या पुढे गेले.

"भगत, हे लूमवर फुटलं. लूम कधी चालू होणार?"

लोक हसले.

"हे माझ्या आईच्या फोटोवर फुटलं. ती कधी येणार?"

कोणी हसलं नाही.

"तुझ्या आईचा विश्वास कमी पडला," भगत शांतपणे म्हणाला.

"विश्वास पूर्ण होता. कमी पडलं ते इन्सुलिन."

मी पान सगळ्यांना दाखवलं. ते पाणी आत साठवतं. कडेच्या प्रत्येक खाचेत कोंब आधीच असतो. पान झाडापासून तुटलं की तो वाढतो. आजाऱ्याच्या उशाशी, भिंतीवर, लोखंडावर, कुठेही.

"लूममध्येही देव आहे," भगत ओरडला. निम्मी रांग हललीच नाही. मी बांधलेली पानं दोघी-तिघींनी कपाळाला लावून घेतली.

कविता मात्र रांगेतून बाहेर पडली. घरी जाऊन तिने बळीरामला पाणी दिलं आणि त्या दिवसाच्या गोळ्या हातावर ठेवल्या.

तुमच्याही घरी असं पान कोणी देईल. घ्या, कुंडीत लावा. पण औषध थांबवायचं की नाही, हे डॉक्टरला विचारा. आणि तुम्हाला माहीत असलेली गोष्ट आधी घरच्यांना सांगा.

आईच्या उशाचं पान मी दह्याच्या डब्यात लावलंय. जोमाने वाढतंय. त्याचा काही दोष नव्हता.