मनकर्णाला सांगायचं राहिलं

नूतन सिस्टरने दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, तेव्हा मनकर्णा तिच्या पोटाकडे बघत होती.

"कितवा हाय, बाई?"

"सहावा महिना लागला."

"बरं झालं. लय वर्सं वाट पाह्यली तुमी."

नूतन चव्वेचाळीस वर्षांची होती. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या या आरोग्य उपकेंद्रात तिची सतरा वर्षं गेली होती. नवरा राजदीप धानोऱ्याच्या शाळेत शिकवायचा. मूल व्हावं म्हणून चार वर्षं नागपूरच्या दवाखान्यात खेपा झाल्या, दोनदा प्रयत्न फसला आणि तिसऱ्यांदा दिवस गेले. गावातल्या बायका आपणहून येऊन चौकशी करायच्या. मनकर्णा मात्र आजच आली, तीही चक्कर येते म्हणून. तेंदूपानं तोडायला ती पहाटे पोटात काही न घालता जायची. बीपी कमी भरलं. नूतनने ग्लासभर पाण्यात ओआरएस कालवून दिलं.

पंधरा वर्षांपूर्वी मनकर्णाला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार केलं ते नूतननेच. मुलगी चार वर्षांची होती, गोपाल एक वर्षाचा. टार्गेटला दोन नावं कमी पडत होती. नूतन चारदा तिच्या घरी गेली, सासूची समजूत घातली, गाडीत शेजारी बसवून तिला घेऊन गेली. त्यात काही चुकलं, असं तिला आजही वाटत नव्हतं.

चुकलं ते नंतर. गोपाल नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. दोन महिन्यांनी मनकर्णा उपकेंद्रात आली आणि ते ऑपरेशन सोडवता येतं का, असं तिने विचारलं. नूतन रजिस्टर भरत होती. आता काही होत नाही, असं तिने मान वर न करताच सांगितलं. तिने कुणाला विचारलंही नाही. मनकर्णाने पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढे तीन वर्षांनी नागपूरच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईने सहज आपली हकिगत सांगितली. ऑपरेशननंतर तिचा मुलगा गेला होता, म्हणून नळ्या पुन्हा जोडून घेतल्या, आणि आता तिला दिवस गेले होते. नूतनने डॉक्टरांना विचारलं. सगळ्यांनाच जमत नाही, पण पस्तिशीच्या आत आशा असते, सरकारी दवाखान्यातही करतात, असं ते म्हणाले. मनकर्णा तेव्हा चौतीस वर्षांची होती.

उद्याच सांगायचं, असं नूतनने बसमध्ये ठरवलं. मग इंजेक्शनं सुरू झाली. मग पहिला प्रयत्न फसला आणि ती आपल्याच दुःखात राहिली. नंतर तर भीतीच उरली, की मनकर्णा विचारेल, तवा काऊन नाई म्हनलं? रस्त्यात ती दिसली की नूतन स्कूटीचा वेग वाढवायची.

"मनकर्णा, तुले एक सांगाचं राह्यलं," नूतन म्हणाली, आणि मध्ये कुठेही न थांबता तिने सगळं सांगून टाकलं.

मनकर्णा ग्लास हातात धरून ऐकत राहिली.

"तवा माही उमर केवढी होती?"

"तू विचारलं तवा एकतीस. मले कळलं तवा चौतीस."

आपण अजूनही नागपूरला जाऊन दाखवू, असं नूतन म्हणाली. मनकर्णाने नकारार्थी मान हलवली.

"आता पोरीच्या लग्नाचं पाहाचं हाय." मग ती हळू आवाजात म्हणाली, "माह्या घरच्याले नका सांगू, बाई. तो अजून बी देवालेच दोष देते. तसंच राहू द्या."

नूतनच्या ओठांवर माफीचे शब्द आले होते. पण माफी मागितली असती तर माफ करण्याचं कामही मनकर्णावरच पडलं असतं. तिने ती मागितली नाही. मनकर्णाने उरलेलं पाणी पिऊन टाकलं, ग्लास नळाखाली धुतला आणि टेबलावर पालथा ठेवून बाहेर पडली.

समोरच्या मैदानात तेंदूपानांचे पुडे रांगांनी वाळत होते. मनकर्णा एका रांगेच्या टोकाला बसली आणि एकेक पुडा उलटून ठेवू लागली. वर तिने पाहिलं नाही. खिडकीत उभ्या नूतनच्या पोटात बाळ हललं. तिने तिकडे हात नेला नाही. दोन्ही हात खिडकीच्या गजांवरच राहू दिले.