तीन दिवसांचा अभ्यास

“त्रोटक म्हणे. पुण्यात बसून शेरे मारायला काय जातं? इथं येऊन लिहून दाखवा म्हणावं.”

पडवीच्या उंबऱ्याशी ताट ठेवायला मी वाकले होते, म्हणून हे ऐकू आलं. आत गोणपाटावर बसून यशोदावहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, तपासून आलेल्या कागदाशी भांडत होत्या. कडेला तांबड्या शाईत लिहिलं होतं : उत्तर त्रोटक आहे, विस्ताराने लिहावे. मी ताट अंतरावर सरकवलं आणि परत फिरले. वहिनी बाजूला बसल्या होत्या. महिन्याचे ते तीन दिवस आमच्याकडे बाईनं चुलीपाशी यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात.

थोरले दीर, वेणीमाधव, गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. काचबिंदूनं डोळे गेले आणि पाठोपाठ नोकरी गेली. मुलींच्या शाळेकडून शब्द मिळाला होता की वहिनी शिक्षिकेची परीक्षा पास झाल्या तर जागा त्यांची. वहिनी एक्केचाळीस वर्षांच्या. आंधळ्या नवऱ्याला सोडून पुण्याला कुठं जाऊन राहणार? तेव्हा माझ्या यजमानांनी टपालानं शिकवणाऱ्या एका वर्गाचा पत्ता आणला. महिन्याला एक पाकीट यायचं, त्यात धडे आणि प्रश्न. उत्तरं महिन्याच्या आत परत करायची. आठ पाकिटं पुरी झाली की ते परीक्षेचा अर्ज पुढे पाठवणार. लागोपाठ दोन चुकली तर नाव कमी.

किती सोयीचं, असं जो तो म्हणाला. घरच्या घरी शिक्षण. पण शाळेत गेलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही, घरात शिकणाऱ्याला सगळे मारतात. वहिनींनी पहिल्या महिन्यात दळताना, निवडताना, भावजींना वर्तमानपत्र वाचून दाखवल्यावर, असा अभ्यास करून पाहिला. भूगोलाच्या धड्यावर डाळीचं पाणी सांडलं. शेवटी त्या बाजूला बसल्या आणि त्या तीन दिवसांत पाकीट पुरं झालं. तेव्हापासून तोच नेम पडला. सत्तावीस दिवस पाकीट फळीवर आणि तीन दिवस वहिनींच्या मांडीवर.

सासूबाईंनी हरकत घेतली नाही. कागदाला विटाळ होतो का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “ती काय पोथी आहे? दहा गावच्या हातांतून आलेलं पाकीट. त्याचाच आपल्याला व्हायचा.”

आषाढापर्यंत चार पाकिटं गेली. श्रावणात वहिनी बसल्याच नाहीत. मला वाटलं, पुढेमागे होतं. पाकीट फळीवर राहिलं आणि पुण्याहून कार्ड आलं की राहिलेली उत्तरं पुढच्या पाकिटाबरोबर न आल्यास नाव कमी करण्यात येईल. वहिनींनी ते दोनदा वाचून पदराखाली घातलं.

भाद्रपदाचं पाकीट आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पडवीत. या खेपेला पाच दिवस. आश्विनातही पाकिटाच्या दुसऱ्या दिवशीच.

आमच्या परसात दोरी एकच. कुणाचं काय वाळतंय ते न बघता कळतं. वहिनींचं काही वाळेना. मी बोलले नाही. बसायचं असून न बसणाऱ्या बाईला शास्त्रात शिक्षा सांगितली आहे. बसायचं नसून बसणारीला काय सांगितलंय ते सासूबाईंच्याही वाचण्यात नसावं. राग मात्र यायचा. पाणी, दळण, दोन वेळचा स्वयंपाक, भावजींचा हात धरून परसात नेणं, सगळं माझ्यावर. रात्री पाठ टेकली की वाटायचं, परीक्षा नक्की कोण देतंय? आणि सकाळी ताट सरकवताना त्यांची शाईनं काळी झालेली बोटं दिसली की भाजी जरा जास्त वाढली जायची.

गोवऱ्या घेऊन येणारी मायाक्का एकदा पडवीकडे बघून म्हणाली, “थोरल्या वैनी लई बसत्यात की. आमच्यात न्हाय बा असलं. आमी बसलो तर मेंढरं काय पोथी वाचत बसतील व्हय?” वहिनींनी मान वर केली नाही. सासूबाई वाती वळत होत्या, त्या वळत राहिल्या.

कार्तिकात शेवटचं, आठवं पाकीट आलं. परत पोचवायला चारच दिवस होते, कारण टपाल कुठंतरी अडकून उशिरा आलं होतं. वहिनी लगेच पडवीत गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मीही बाजूला झाले. माझं खरं होतं.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला मी पोतं अंथरलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग आत चुलीकडे पाहिलं. टाक हातातच राहिला. चुलीपाशी आता सासूबाई एकट्या, अडुसष्ट वर्षांच्या. ओलेत्यानं चूल पेटवायची म्हणून त्यांनी फुंकणी घेतली आणि खोकल्याची उबळ सुरू झाली. थांबेना. ओसरीवरून भावजी विचारत होते, आई, काय झालं? आई, कोण आहे तिथं? भिंत चाचपत ते उठल्याचा आवाज आला.

वहिनींनी कागद गोळा केले. तीन प्रश्न व्हायचे होते, मला दिसत होतं. त्यांनी पाकीट गोणपाटाखाली सारलं आणि उठून दाराशी गेल्या.

“मी न्हाऊन येते,” त्या आत न बघता म्हणाल्या. “माझा चौथा आहे आज.”

मी खाली बघितलं. सासूबाईंनी फुंकणी ठेवली, डोळे पुसले आणि वळल्या.

“दुसरा आहे,” त्या म्हणाल्या. “आणि तुला ना दुसरा ना चौथा. श्रावणापासून थांबलंय तुझं, यशोदे. मी काय जन्मतः म्हातारी आहे?”

वहिनी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. ओसरीवरचा आवाज थांबला होता, म्हणजे भावजींनीही ऐकलं. मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं की रडू, अजून सांगता येत नाही.

“आई, मी फसवलं,” वहिनी म्हणाल्या.

“फसवलंस ते मला नाही. मला कळलं होतं. बोलले असते तर तुला उठावं लागलं असतं, म्हणून गप्प बसले. पिठलं-भात मी करीन, कच्चा झाला तर कच्चा खातील. जा, त्या पडवीत नको, माजघरात उजेडाला बस. आणि कुणी विचारलं तर विटाळ सांगू नकोस. सांग, मी अभ्यासाला बसले आहे.”