शंभर मोजेपर्यंत

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी माझ्या मोठ्या भावाचं डोकं फोडलं, अन् तेही केळ्यांपायी. खोटं कशाला सांगू? हातात घड कापायचा कोयता होता. त्याची मूठ हाणली. पातं हाणलं नाही एवढंच नशीब. देवरामभाऊ बांधावर मटकन बसला, रक्त गळ्यापर्यंत आलं, तरी बोलायचा थांबेना. "सुक्या, गावचा रस्ता विकून आलास तू!"

विकला-बिकला काही नव्हता. सही केली होती. आमचं गाव बुऱ्हाणपूरपासून दोन कोसांवर, रेल्वेलाइनच्या वरच्या अंगाला. तापी अन् निम्मी शेतं लाइनच्या खालच्या अंगाला. मधे फाटक. छप्पन साली गाड्या जोरात पळवायच्या म्हणून रेल्वेनं वळण सरळ केलं, जाड रूळ टाकले, नवी टोकदार गिट्टी पसरली, अन् सांगितलं, आता फाटक बंद. फाटकाशी गाडी हळू करावी लागते, ते परवडत नाही. गावातल्या पाच जणांची संमती हवी होती. पहिली सही माझी.

का करू नये? माझी केळी दिल्लीला पोचायला पाच दिवस लागायचे. हिरवेगार घड डब्यात भरायचे अन् तिकडे काळा चिखल उतरायचा. व्यापारी पत्रात शिव्या लिहायचा, ती पत्रं मास्तरांकडून वाचून घ्यायची लाज वाटायची. प्रवासी डब्यांना मालडबे जोडलेली नवी गाडी तिसऱ्या दिवशी माल उतरवणार होती. आम्हाला कोणत्या राज्यात टाकायचं यावर तेव्हा बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या चहाच्या दुकानात रोज गळपट्टी धरली जायची. कोणी म्हणे मुंबईकडे, कोणी म्हणे भोपाळकडे. मी म्हणायचो, कुठेही टाका रे बापा, माल तेवढा लवकर पोचवा.

देवरामभाऊचं शेत मात्र सगळं लाइनच्या खाली. फाटक गेलं तर त्याला लाइनखालच्या नाल्याच्या मोरीतून दीड कोसाचा वळसा. पावसाळ्यात तिथे कमरेइतकं पाणी. तो म्हणाला, "तुझी केळी तीन दिवसांत दिल्लीला, अन् माझा बैल अर्ध्या दिवसात शेताला!" तेव्हा मी हाणलं.

आठ दिवस बोलणं बंद. पण पोळा आला, अन् आमचं एक लफडं होतं. वाटणीत बैलजोडी फुटली होती. मोत्या माझ्याकडे आला, हौश्या त्याच्याकडे. तरी पोळ्याला दोघं जोडीनंच धुवायचे, जोडीनंच मिरवायचे, असं आई मरताना सांगून गेली होती. सकाळी मालूवहिनी दारात आली. "भावजी, त्यांच्या डोक्याला अजून पट्टी आहे. तुम्हीच हाक मारा. आज नाही मिटलं तर जन्मात मिटणार नाही." तिचे डोळे भरले होते. मी गेलो, भाऊचे पाय धरले. त्यानं माझ्या डोक्यावर एक टपली मारली अन् म्हणाला, "चाल, मुडद्या. बैल तापलेत."

रेल्वेनं फाटकाच्या जागी रुळांचे तुकडे गाडून तार ओढली होती. भाऊनं कुऱ्हाडीनं तार तोडली. अन् ज्यानं सही केली होती त्यानं, म्हणजे मी, दुसरं टोक धरलं. तापीवर बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या, गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. भाऊ हौश्याच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. मला म्हणाला, "तुझी केळी पोचू दे रे सुक्या, मी काही शाप दिला नव्हता." मला रडू आलं. परत निघालो तेव्हा सगळं गाव आमच्या पुढे गेलं होतं अन् लाइनपलीकडे मारुतीच्या पारावर ढोल वाजत होता.

आता ऐका. आमच्या गावात लाइन ओलांडायची एक रीत होती, आजोबाच्या काळापासूनची. मैलभरावर नाल्याचा लोखंडी पूल. गाडी पुलावर आली की धडधडधड ऐकू येतं. पूल वाजल्यावर शंभर मोजेपर्यंत गाडी येत नाही. तेवढ्यात बैलगाडीसुद्धा पार व्हायची. पोरं चालायला लागली की आधी हे शिकायची, मग राम म्हणायला.

नव्या गाडीला साठच लागायचे. हे मला ठाऊक होतं! गाडी सुरू झाली तसं मीच मोजलं होतं, दोनदा, अन् बुधवाऱ्यात मिशीला पीळ देऊन सांगितलं होतं, "शंभराचे साठ झाले, याला म्हणतात वेग!"

मी मोत्याला घेऊन लाइन ओलांडली. भाऊ हौश्यासह त्या बाजूला उभा. तेवढ्यात पूल वाजला. भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी हात उंच केला अन् ओरडलो, "ये भाऊ, ये! आत्ताच वाजला, शंभर आहेत!"

तोंडातून तेच निघालं. चाळीस वर्षं जे निघत होतं तेच.

भाऊ निघाला. हौश्या पहिल्या रुळापर्यंत आला, अन् नवी गिट्टी खुरात रुतली तसा अडला. भाऊनं कासरा ओढला. हौश्यानं मान वर केली, घुंगरं वाजली, पाय हलेना. मी मनात मोजत होतो. तीस, एकतीस. वळण सरळ केलेलं, त्यामुळे इंजिन एकदम समोर दिसलं, अन् तेव्हा मला साठ आठवले.

"मार त्याला! भाऊ, काठी मार! नाहीतर सोड!"

भाऊच्या हातात काठी होती. पोळ्याच्या दिवशी आमच्यात बैलाला काठी लावत नाहीत, हातही उगारत नाहीत. तो ओरडला, "आज कसा मारू रे?" काठी फेकून त्यानं हौश्याच्या गळ्याला मिठी मारली अन् छातीनं ढकलायला लागला. शिट्टी किंचाळत होती. मग एक आवाज झाला. ओल्या खोडावर कुऱ्हाड पडते तसा.

हौश्याचे दोन तुकडे झाले. भाऊचं धड खड्ड्यात पडलं, पाय कुठे ते दिसेना. रंगवलेलं एक शिंग माझ्या पायाशी येऊन पडलं.

गाडी पुढे जाऊन थांबली. ढोल टाकून गाव धावलं. ड्रायव्हरला इंजिनातून खाली ओढलं. भुसावळकडचा म्हातारा माणूस, कोळशानं काळा झालेला. "शिट्टी दिली हो! ब्रेक लावला हो!" ऐकतं कोण? पहिला दगड मी मारला. हो, मीच. कानावर बसला, रक्ताची चिळकांडी उडाली. मग लाथा, चपला, बैलांच्या काठ्या. सकाळपासून ज्या काठ्यांनी जनावराला शिवलं नव्हतं त्या काठ्यांनी माणसाची पाठ फोडली. त्याचे दात गिट्टीवर पडले. डब्यांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.

मी लाथ घालायला वाकलो अन् त्यानं माझा पाय धरला. वर पाहिलं. एक डोळा बंद झालेला. हळूच म्हणाला, "तूच ना तो? हात केलास त्याला. ये म्हणून. मी वरून पाहिलं."

कोणी ऐकलं नाही. फक्त मी. मागून गावातल्या लोटूनं रुळाची पहार आणली होती. "सरका रे, संपवतो भडव्याला." पहार वर गेली. एक घाव, की माझं सगळं झाकलं जाणार होतं. देवा शपथ, मी गप्प राहिलो. दोन श्वास गप्प राहिलो.

मग मी त्याच्यावर आडवा पडलो. पहार माझ्या खांद्यावर आली, हाड कडकन मोडलं. "मी बोलावलं!" मी ओरडलो. "शंभर आहेत म्हणालो! साठ असतात हे ठाऊक असून म्हणालो! हा नाही, मी मारलं देवरामभाऊला!"

सगळे थबकले. गर्दी फुटली अन् मालूवहिनी आली. तिच्या लुगड्यावर नवऱ्याचं रक्त होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. वाटेत पडलेली भाऊची काठी तिनं उचलून आणली होती. तिनं ती दोन्ही हातांनी डोक्यावर उगारली.

"मार वहिनी," मी म्हणालो. मला खरंच हवं होतं ते. डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर तिनं काठी माझ्यापुढे टाकली होती.

"नाही मारत," ती म्हणाली. "आज पोळा आहे. जनावरावर हात उचलायचा नसतो."