आषाढातली होडी

आमच्या घरात खेळ सगळेच खेळतात. आजी, म्हणजे पुतळाबाई, मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडत चारशेच्या वरच्या पायरीवर पोचली आहे. आई लुडोत शेजारणींना रडवते. त्यामुळे स्पर्धेच्या नियमांत 'जन्मात व्हिडिओ गेम न खेळलेली व्यक्ती' असं वाचलं तेव्हा माझ्यासमोर एकच नाव आलं. आमचे आजोबा, आबा. गोटीराम, वय अठ्ठ्याहत्तर, फोन बटणांचा आणि तोही बंद ठेवायची सवय.

स्पर्धा हौशी लोकांनी बनवलेल्या खेळांची होती. परीक्षक प्रत्येक खेळ हँडहेल्डवर खेळून बघणार होते. दोन्ही हातांत धरायचं यंत्र, मधे पडदा, कडेला बटणं आणि आत लिनक्स. खेळासोबत अर्ध्या तासाचं सलग रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, एखाद्या नवख्यानं त्याच यंत्रावर, कुणाची मदत न घेता खेळलेलं.

आमच्या खेळाचं नाव 'पाऊणपट'. ते आबांचं गणित आहे. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता खाडीला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा. आमचा खेळ यंत्रातली तारीख बघून तिथी काढतो आणि बाहेर आमच्या दिवाळे गावच्या खाडीत जेवढं पाणी असेल तेवढंच पडद्यावरच्या खाडीत भरतो. बाहेर आषाढ तर आतही आषाढ. खेळणाऱ्यानं धक्क्यावरून होडी सोडायची, म्हावरं, म्हणजे मासे, पकडायचे आणि ओहोटीच्या चिखलात रुतायच्या आत परत यायचं. त्यातलं पाणी मी लिहिलं. होडी, धक्का, बगळे आणि होडीच्या मशीनचा धूर यशराजनं काढला.

यशराज माझ्याच ऑफिसात, महाप्याला. राहतो जुईनगरला, घरचे साताऱ्याकडचे. त्या धुरावर त्यानं दोन महिने घालवले होते. प्रत्येक भपका वेगळा उठायचा, वाऱ्यानं वळायचा, पाण्यात त्याची सावली पडायची.

खरं सांगते, स्पर्धा हे निमित्त होतं. दोन वर्षांपूर्वी आबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांची मासेमारीची होडी विकावी लागली. त्या दिवसापासून ते धक्क्यावर गेले नाहीत. घरापासून पाच मिनिटांवर धक्का, पण नाही म्हणजे नाही. खिडकीतून खाडी बघत बसायचे आणि कुणी हाक मारली तर पाय दुखतो म्हणायचे. मला त्यांना पुन्हा होडीत बसवायचं होतं. खरी होडी मला परवडणारी नव्हती, म्हणून मी ही बनवली.

आता अडचणी. लॅपटॉपवर खेळ विनातक्रार चालायचा, पण हँडहेल्डवर होडीनं धक्का सोडला की चित्र अडकायचं, उचक्या सुरू. विंडोजसाठी बनवलेला खेळ लिनक्सवर चालवायचा तर मधे एक दुभाषा बसवावा लागतो. खेळ एक भाषा बोलतो, यंत्र दुसरी, आणि हा दुभाषा दोघांचं जमवून देतो. यशराजनं सगळं खापर त्या दुभाष्यावर फोडलं. आम्ही त्याच्या चार आवृत्त्या बदलल्या, उचक्या तशाच. मी म्हटलं, धूर कमी कर. तो म्हणाला, तुझं पाणी कमी कर. रागावला की तो थेट साताऱ्याचा होतो.

"धुराला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो," तो म्हणाला.

मीही काही कमी नाही. दोन दिवस आम्ही शेजारी बसून एकमेकांना फक्त ईमेल पाठवले.

शेवटी उचक्यांसकट यंत्र आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते बशी धरावी तसं आडवं धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"धक्का आपलाच हाय," ते म्हणाले. मला आनंदानं नाचावंसं वाटलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या तिथीवर गेली, तिथून होडीच्या मशीनवर, आणि त्यांनी यंत्र शांतपणे माझ्या मांडीवर ठेवलं.

"मशीनची होरी आषाढात कोन काढतं गो? नारळ कुठं दिलाय अजून?"

"आबा, खेळ आहे हा."

"मंग खेळातलं म्हावरं अंडी घालीत नाय का?"

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आबांनी उभ्या आयुष्यात मशीनची होडी पाण्यात घातली नव्हती. सरकारची पावसाळी बंदी उठेल तेव्हा उठेल, आमची नारळ दिल्यावर उठते, असं ते म्हणायचे. पुनवेला अजून तीन आठवडे होते आणि रेकॉर्डिंग पुढच्या शनिवारपर्यंत पाठवायचं होतं.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते, पण सांगते. रविवारी आषाढ अमावास्या होती. घरात वड्यांचा आणि मटणाचा घमघमाट सुटलेला, सगळे खुशीत. मी हँडहेल्डची तारीख तेवीस दिवसांनी पुढे ढकलली आणि दुपारी बाराला आबांपुढे गेले.

"बघा आबा, श्रावण वद्य अष्टमी. नारळ होऊन आठ दिवस झाले."

आबांनी पडदा बघितला. आत ओहोटी, धक्क्याखाली नुसता चिखल. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. अमावास्येचं उधाण, खाडी काठोकाठ भरलेली. माझंच पाणी माझ्यावर उलटलं होतं.

"आज भरती कवा, ते मना शिकवू नको," ते म्हणाले. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "खोटी तिथी लावून आपल्या घरानं कवा होरी काढली नाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. राग आबांवर नव्हता, स्वतःवर होता. ज्यांना होडी द्यायची त्यांनाच फसवायला निघाले होते. आजी म्हणाली, "भांड्यांनी काय केलंन तुजं?"

आबा माझ्याआधी जेवले. हात धुवून आले, माझ्यासमोर बसले आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत बोलले.

"पोरी, आषाढात घरची चूल बंद असते का? कालवनापुरतं आनायला वल्ह्याची बारकी होरी खाडीत जाते. माजा बा जायचा, मी गेलोय. तिला कोन अडवीत नाय."

"मग?"

"मंग मशीन काढ ना."

मी तशीच ताटावरून उठून यशराजला फोन केला. होडीचं मशीन काढून टाकायचं, असं सांगितलं.

"आणि धूर?" त्यानं विचारलं.

"मशीन नाही तर धूर कुठला, यशराज?"

संध्याकाळी तो तोंड पाडून आमच्या घरी आला. मशीन काढून टाकलं, धूर पुसला, मशीनमागे उसळणारा फेस पुसला. आबा पलंगावरून हुकूम सोडत होते. होडीला दोन वल्ही, डावं बटण डाव्या हाताचं, उजवं उजव्या. दोन्ही एकदम दाबली तर होडी पुढे, एक दाबलं तर वळेल, आणि मारून झालं की वल्हं पाण्याबाहेर यायला वेळ द्यायचा, बोकाळल्यासारखी बटणं बडवायची नाहीत. बुधवारपर्यंत आम्ही तेच करत होतो. आबांनी वल्ह्याची लय सात वेळा बदलून घेतली. यशराज सातही वेळा "व्हय, आबा" म्हणाला. मला तो एकदाही असं म्हणालेला नाही.

बुधवारी आम्ही होडी सोडली. ती धक्क्यापासून सुटली, त्याच्या खांबांजवळून वळली, पार मधल्या पाण्यात गेली. एकही उचकी नाही. दुभाष्याचा काही दोष नव्हता. यशराजचा धूर आणि फेस मिळून त्या बिचाऱ्या यंत्राचा जीव घेत होते. मी यशराजकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"बोल," तो म्हणाला. "बोलून घे एकदाचं."

मी काही बोलले नाही. कसं जमलं, ते मलाही कळत नाही.

गुरुवारी दुपारी आबांनी रेकॉर्डिंग केलं. आम्ही दाराबाहेर थांबलो. सुरुवातीला आतून काही ऐकू येईना, तेव्हा मी फटीतून बघितलं. आबा पलंगाच्या कडेवर बसले होते आणि बटण दाबताना त्यांचे खांदे मागे जात होते, पुढे येत होते. पाय जमिनीवर घट्ट रोवलेले, दुखरा पायसुद्धा. मला रडू आलं आणि मी डोळे यशराजच्या रुमालाला पुसले. अर्ध्या तासात आबांनी कालवणापुरतं म्हावरं पकडलं आणि ओहोटी लागायच्या आत होडी फिरवून धक्क्याला आणली.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी खाली एक ओळ लिहिली होती, की रेकॉर्डिंगमधले आजोबा विसाव्या मिनिटाला कुणाला शिव्या देत आहेत ते कळवावं. त्या यशराजच्या बगळ्याला होत्या. भरतीच्या वेळी तो चिखलात उभा होता.

नारळी पुनवेला यशराज सकाळीच हजर झाला. त्यानं हलका, सुटसुटीत धूर नव्यानं बनवला होता आणि मशीन पुनवेपासूनच चालू होईल अशी सोय केली होती. आबांनी यंत्र हातात घेऊन एक मिनिट तो धूर बघितला.

"डिझेलमधी भेसळ हाय याच्या," ते म्हणाले आणि यंत्र माझ्या पिशवीत टाकलं. मग उठून खुंटीवरची लाल टोपी घेतली. आजी बघतच राहिली. "नारळ दे," ते तिला म्हणाले. "पुनवेच्या आदी होरी काढलीय, दर्याला नारळ द्याया नको?"

ते काठी टेकत निघाले, मी पिशवी घेऊन मागोमाग, यशराज नारळ घेऊन. पाच मिनिटांची वाट, आम्हाला वीस लागली. धक्क्यावर सगळा गाव जमला होता. आबांना बघून एका होडीचा नाखवा, पोपट त्याचं नाव, पुढे आला. त्याला आनंद झाला होता, पण तोंडातून गेलं ते गेलंच.

"काका, तुमी? तुमची होरी त इकली ना?"

आबांनी यशराजच्या हातातून नारळ घेतला.

"हाय माजी होरी," ते म्हणाले. "पोरीच्या पिशवीत हाय."