पाठीमागे कोणीतरी बोलतंय

कृपया झाकण नीट बंद करा. झाकण बंद असल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही.

घरात जाड रजया चारच होत्या. चारही भिंतींवर गेल्या.

लाल दिवा म्हणजे लाइन चालू. चालू लाइनवर तोंड घालायचं नाही. घालणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात.

"बोलायचं, आणि मग गप्प बसायचं. शब्द शोधायला त्यांना वेळ लागतो. तुम्ही पुरवू नका."

कुकर माळ्यावर गेला. शिट्टी होते म्हणून. बटाटे पातेल्यात उकडायला लागले, आणि रोज अर्धे कच्चे राहायला लागले.

कृपया झाकण नीट बंद करा. (पुन्हा. 'नीट'वर एवढा जोर नको, गिऱ्हाइकाला रागावल्यासारखं वाटतं.)

हे सगळं एकाच घरातलं. घरात दोन माणसं: बाबा आणि मुलगी. मुलीला लहानपणापासून सगळे टिटवी म्हणतात, कारण तिचं तोंड कधी बंद नसायचं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, लाल दिव्याचा नियम तिथला; तिथूनच निवृत्त झाले. मग पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले. एखाददुसरा शब्द सोडला तर वाचा गेली.

नोकरी का सोडलीस?

(साहेबांना) वडील आजारी आहेत, सर. साहेब म्हणाले, विमा कंपनीत काम करून तुम्हाला घरचाच दावा सोडवता येत नाही का? आणि स्वतःच हसले.

(मैत्रिणीला) त्या बसच्या रांगेचा वीट आलाय गं. घरी पायजम्यात बसेन, हवं तेव्हा उठेन.

(परदेशातल्या दादाला, फोनवर) "तुझं बरंय बाई, घरबसल्या काम. ऐश आहे."

"ये ना मग, कर ऐश. मी तुझी तिकडची घेते."

"चिडतेस काय लगेच?"

(स्वतःला) बाबांशी बोलायला घरात कोणीतरी हवं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं की पहिलं वर्ष महत्त्वाचं, या वर्षात जे येईल ते येईल.

कारणं सगळीच खरी होती. पण शेवटचं नसतं, तर बाकीच्यांवर ती वर्षानुवर्षं नुसती कुरकुरली असती आणि रांगेत उभी राहिली असती.

इंटरनेटवर एक ठिकाण आहे. ज्यांना आवाज हवा ते तिथे येतात, ज्यांच्याकडे आवाज आहे ते तिथे वाट बघतात. टिटवीचा आवाज स्वच्छ होता, शब्द सुटे पडायचे. सुरुवातीला कोणी विचारलं नाही. मग एका कपडे धुण्याच्या यंत्राने विचारलं. मग एका लिफ्टने, मग शाळेच्या भूगोलाने. काम यायला लागलं तेव्हा तिला नाही म्हणायची भीती वाटायला लागली. नाही म्हटलं की आपलं नाव खाली जातं, असं तिथले जुने लोक सांगत. ऑफिसात संध्याकाळ झाली की काम आपोआप संपायचं, शिपाई पंखे बंद करत फिरायचा. इथे पंखा बंद करणारं कोणी नव्हतं.

लाल दिवा इलेक्ट्रिशियनने आतल्या, रजया लावलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दारावर बसवला. शेजारच्या काकूंसाठी. त्यांना दार वाजवत बोलायची सवय होती. दिवा दिसला की थांबायचं, एवढंच.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा बाबा खुर्चीत ताठ झाले. मान हलवली. खोकला येत होता तोही गिळला.

"किती शहाण्यासारखे बसतात हो," टिटवी कौतुकाने म्हणाली.

"शहाणे कसले," काकू म्हणाल्या. "ड्यूटीवर आहेत ते."

दोघी हसल्या. बाबाही हसले.

रेकॉर्डिंग संपलं तरी काटछाट असायची, ती दिव्याखालीच चालायची. दिवा मालवायचं राहून जायचं. दार उघडलं की कधी बाबा समोर उभे दिसायचे, हातात रिकामा कप. किती वेळ उभे, ते कपालाच ठाऊक.

"हाक मारायची ना, बाबा!"

ते दिव्याकडे बोट करायचे.

थेरपिस्ट बाईंचा सराव चहाच्या वेळेला व्हायचा. मग चहा झाल्यावर. मग उद्या.

टेक एक.

सकाळ. यंत्राच्या माहितीची फाइल पाठवून झाली. गिऱ्हाइकाचा निरोप आला: आवाज छान, पण झाकणाच्या वाक्यानंतर पाठीमागे कोणीतरी बोलतंय. काढून पाठवा.

टिटवी वैतागली. काकू, दुसरं कोण! हेडफोन टेबलावर पडले होते, ते तिने उचललेही नाहीत. हात बसला की हे काम डोळ्यांनी होतं. पडद्यावर आवाजाची नक्षी दिसते, आपल्या वाक्यांचे डोंगर, मधे सपाट माळ. माळावर एक बारकं टेकाड होतं. तिने त्याच्याभोवती चौकट ओढली, हा कचरा आहे असं संगणकाला सांगितलं, आणि टेकाड सपाट झालं. जुन्या फाइलवरच नवी साठवली. जागा वाचते. पाठवून दिली. पाच तारे आले.

टेक दोन.

दुपारी काकू दारात. "काय गं टिटवे, सांगितलंसुद्धा नाहीस! काका बोलले की आज!"

"काय बोलले?"

"मी जिन्यात होते, भाजीची पिशवी घेऊन. नीट नाही कळलं. पण तीन-चार शब्द होते, एका दमात. तुझ्या दाराशीच उभे होते. मला वाटलं, तू ऐकलंस."

टिटवी आत गेली. हेडफोन लावले. झाकण बंद असल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. मग तिचाच श्वास. मग काही नाही. पुढचं वाक्य. पुन्हा मागे. श्वास. काही नाही.

तिने गिऱ्हाइकाला आधीची फाइल मागितली. उत्तर लगेच आलं: नवी आली की आधीची आपोआप पुसली जाते. काळजी करू नका, नवी अगदी स्वच्छ आहे.

टेक तीन.

दिवा मालवला. ती बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

"बाबा, सकाळी काय म्हणालात?"

त्यांचे ओठ हलले. ती थांबली. थेरपिस्ट बाईंनी शिकवलं होतं तशी, शब्द न पुरवता. बाबा छताकडे बघत होते, जिभेने काहीतरी चाचपत होते. रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं, ती सुरू झाली, निघून गेली. बाबा अजून शोधत होते.

मग तिलाच धीर धरवेना. "पाणी? चक्कर आली होती? दादाचं काही? मला हाक मारलीत?"

पहिल्या दोनला त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. नंतर तिचा चेहरा बघून सगळ्यालाच हो म्हणायला लागले. चहाला हो. पावसाला हो. आईला हो.

आत संगणक टिंग वाजला. नवं काम. बाबांनी ते तिच्या आधी ऐकलं. खोलीकडे हात केला, जा.

"असू दे हो," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा हात केला, जरा जोरात. तिने डोळे पुसले आणि गेली. दिवा लावला नाही. बाबा तरीही गप्प बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने बल्ब काढून टाकला. बाबा रिकाम्या होल्डरकडे बघत, तसेच ताठ. काकू येऊन गप्पा मारत, टिटवी मुद्दाम दार उघडं टाकून काम करी, गाड्यांचे हॉर्न फाइलीत येऊ देई, गिऱ्हाइकं सोडून जाऊ देई. ते एका दमातले शब्द पुन्हा आले नाहीत. वर्ष संपल्यावर थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "आता एवढ्यावरच राहतील बहुतेक. तुम्ही घरी होतात, हे किती चांगलं."

झटक्यानंतरचे, राजीनामा देण्याआधीचे दोन महिने टिटवी रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून घरी फोन करायची, आणि बाबा स्वतः उठून फोन उचलायचे आणि म्हणायचे, "हॅलो, बोला."